.२२ पिस्तूल घ्यायचंय, फक्त टार्गेट प्रॅक्टिससाठी, स्वस्तात जमेल का? (नवी मुंबई)

घणसोलीकर९३:
नमस्कार मंडळी. वय ३१, घणसोलीला राहतो, महापेला जॉब. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरची मॅच बघितली तेव्हापासून डोक्यात बसलंय, ऑफिसच्या आउटिंगला एअर पिस्तूलने दहा-पंधरा शॉट मारले त्यातले दोन बऱ्यापैकी मधे लागले आणि ते अजून विसरलो नाही. सेल्फ डिफेन्स वगैरे अजिबात नको, निव्वळ टार्गेट. नेटवर वाचतोय तर सगळे म्हणतात .२२ (०.२२ इंच बोअरचं) घ्या, गोळी स्वस्त, धक्का कमी, शिकायला बेस्ट. माझं बजेट मिडलक्लास आहे, घरात बायको आणि सात वर्षांची मुलगी. कोणतं पिस्तूल घेऊ, लायसन्सचं कसं असतं, ठाणे-नवी मुंबईत कोणी करत असेल तर प्लीज नीट सांगा.

नौपाडा_काका:
सात वर्षांची मुलगी घरात आहे हे तू आधीच लिहिलंस ते फार बरं केलंस, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. तुझा प्रश्न कोणतं पिस्तूल घेऊ असा आहे पण मी सांगेन आत्ता कोणतंच घेऊ नकोस, आणि का ते सविस्तर लिहितो.

तू जे वाचलंस ते अमेरिकेतलं आहे आणि तिथे ते खरंच आहे. रुगरने १९४९ मध्ये साडेसदतीस डॉलरला .२२ चं पिस्तूल काढलं, तेव्हापासून तिकडे साध्या माणसाचं शिकायचं हत्यार म्हणजे हेच. आपल्याकडे तसं नाही. दुकानात जाऊन हे दे म्हणायची सोय नाही, चांगलं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेचं (पार्डिनी, वॉल्थर, मोरिनी या कंपन्यांचं), बाहेरून येतं, आणि ते आणायची वाट नॅशनलला ठराविक स्कोर करून 'रिनाउंड शॉट' (नामांकित नेमबाज) हा दर्जा मिळालेल्या किंवा त्या रस्त्याला लागलेल्या शूटर्ससाठी आहे. इथे बनलेलं स्वस्तातलं एखादं दिसेल, आखूड नळीचं खिशात ठेवायचं रिव्हॉल्व्हर, त्याच्या मागे टार्गेटसाठी लागू नकोस, २५ मीटरवर त्याच्याकडून ग्रुपची, म्हणजे गोळ्या एका जागी लागण्याची, अपेक्षा करणं त्याच्यावरही अन्याय आहे.

आता .२२ स्वस्त का ते समजून घे. .२२ ची गोळी रिमफायर असते, म्हणजे पेटवणारा मसाला केसच्या (गोळीच्या धातूच्या नळकांड्याच्या) तळाच्या कडेत, रिममध्ये, भरलेला असतो. मधे वेगळा प्रायमर नाही. फायरिंग पिन कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो. उडालेली केस हातात घेऊन बघ, काठावर एक छोटा चौकोनी किंवा गोल खळगा दिसेल, तिथेच पिन आपटलेली असते. बनवायला सोपी म्हणून स्वस्त, पण ती केस परत भरता येत नाही. आणि आपल्याकडे गोळी लायसन्सवर मोजून मिळते, वर्षाला किती आणि एका वेळी किती जवळ ठेवायच्या ते त्यावर लिहून येतं. आठवड्याला दोनशे शॉट मारायचे म्हणशील तर गणित बसत नाही.

ऐरोली_सेक्टर८:
काकांशी शंभर टक्के सहमत. मी तीन वर्षं एअर पिस्तूलच करतोय. ४.५ एमएम, म्हणजे .१७७ इंच, आणि २० जूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, आणि १० मीटरचं मॅच एअर पिस्तूल त्याच्या कितीतरी खाली असतं. बिल, आयडी सांभाळून ठेव. पेलेटचा डबा ५०० चा येतो आणि सीरियसली मारायला लागलास तरी एक डबा आरामात आठ-दहा दिवस पुरतो. सुरुवातीला सिंगल स्ट्रोकवालं घेतलंस तर सिलिंडर, पंप, २०० बारचं प्रेशर, काही भानगड नाही, दर शॉटला एकदा दाबायचं की झालं.

पण घरी सराव करायचा तर एक नीट ऐक. आमचा वन बीएचके, हॉलच्या दारापासून बेडरूमच्या टोकापर्यंत जेमतेम सहा मीटर. तेवढ्या अंतरासाठी टार्गेट त्याच प्रमाणात छोटं प्रिंट करतो. पेलेट अडवायला लोखंडी ट्रॅप आहे, आत मातीचा जाड थर, आणि ट्रॅपच्या मागे विटांची भिंत, दार नाही, खिडकी नाही. मारत असताना घराच्या दाराला आतून कडी आणि घरातल्या सगळ्यांना माहीत. पेलेट शिशाचं असतं, झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कपसुद्धा उचलायचा नाही.

कळवेकर_ताई:
मी २५ मीटर करते म्हणून .२२ ची बाजू पण सांगते. एअरवर तुला होल्ड आणि ट्रिगर कळतो, तिथे ट्रिगर ५०० ग्रॅमचा, .२२ ला कमीत कमी १००० ग्रॅम, म्हणजे दुप्पट, आणि पहिल्या दिवशी बोट थबकतंच. रॅपिडमध्ये, म्हणजे २५ मीटरच्या झटपट शॉटच्या टप्प्यात, हात ४५ अंशाच्या खाली, टार्गेट ३ सेकंद समोर येतं मग ७ सेकंद जातं, त्या तीन सेकंदांत हात वर, साइट जागेवर आणि ट्रिगर. ते एअरवर येत नाही. पण ज्यांचं एअर पक्कं नाही त्यांचं हे कधीच बसत नाही, हे मी इतक्या जणांचं बघितलंय की आता नवीन मुलगी आली की मी तिला आधी सहा महिने एअरच करायला सांगते. आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या एशियाडला २५ मीटरचंच गोल्ड घेऊन आली, त्यामुळे हे आपल्या माणसांना जमत नाही असं अजिबात नाही, फक्त क्रम चुकवू नकोस.

अजून एक, ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळी न भरता सराव. एअरवर कितीही कर, त्यात सोय असते. .२२ वर रिकाम्या चेंबरवर (गोळी बसते त्या खोबणीवर) घोडा टाकू नकोस. आमच्याकडे एका मुलाने क्लबच्या पिस्तुलावर रोज रात्री तेच केलं. केस नसल्यामुळे पिन थेट चेंबरच्या काठावर बसत राहिली, काठावर बारीक चीर पडल्यासारखा दबका आला आणि मग केस बाहेरच पडेना, प्रत्येक शॉटनंतर अडकायची. सरांनी टॉर्च धरून दाखवलं तेव्हा नखाला लागत होता तो उंचवटा. स्नॅप कॅप (सरावाची खोटी गोळी) वापर किंवा पिस्तुलाचा ड्राय मोड असेल तर तो.

घणसोलीकर९३:
ताई, काका, खूप धन्यवाद. मग २५ मीटर कधीतरी करायचं झालं तर स्वतःचं लायसन्स काढावंच लागेल ना?

नौपाडा_काका:
लगेच नाही. ज्या क्लबचं रीतसर लायसन्स आहे तिथे मेंबर म्हणून रेंजवर त्यांचं हत्यार वापरायला तुला वेगळं लायसन्स लागत नाही. तुझ्यासाठी जवळची रेंज बघायची तर वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, आधी चौकशी करून जा. पुण्याला बालेवाडी आहे पण ते रोजचं नाही. स्वतःचं काढायचं ठरलंच तर अर्ज ऑनलाइन एनडीएएल-एएलआयएस या हत्यार लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर, आणि नवी मुंबईला ऑथॉरिटी म्हणजे पोलीस आयुक्त, ऑफिस बेलापूरला. सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं, घरी येऊन चौकशी होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्स पाच वर्षांचं झालंय, आधी तीनचं होतं. आणि निवडणूक आली की हत्यार जमा करायच्या नोटिसा निघतात, स्पोर्ट्सवाल्यांना सूट मिळू शकते पण त्यासाठी कागद हातात असावे लागतात.

लॉकर भिंतीत बोल्ट केलेला, गोळ्या वेगळ्या कुलपात, चावी एकाच माणसाकडे. लोकलला नेताना रिकामं, कुलूप लावलेल्या केसमध्ये, लायसन्सची मूळ प्रत सोबत. मुलीला घाबरवू नकोस पण तिला सांग की हे बाबांचं खेळाचं सामान आहे आणि याला कोणीच हात लावत नाही.

ऐरोली_सेक्टर८:
आणि .२२ हातात आलंच कधी तर स्टँडर्ड व्हेलॉसिटी (साध्या वेगाची) गोळी मार. हाय व्हेलॉसिटीने मॅच पिस्तूल विनाकारण झिजतं. घोडा पडला आणि आवाज आला नाही तर नळी टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांब, मग उघड.

घणसोलीकर९३:
तीन आठवड्यांनी अपडेट देतो. शनिवारी रेंजवर जाऊन आलो, क्लबच्याच एअर पिस्तूलवर. सरांनी पहिला तास एकही पेलेट दिलं नाही, पांढऱ्या भिंतीसमोर फक्त साइट धरायला लावली, हात इतका थरथरत होता की फ्रंट साइट दोन्ही बाजूंनी मागच्या साइटच्या खाचेला लागत होती. शेवटी दहा पेलेट मिळाले. एक दहा, दोन आठ, एक तर पांढऱ्यात. तो दहाचा कागद घरी आणलाय, ११.५ एमएमच्या त्या गोलाच्या वरच्या कडेला भोक आहे, मुलीने बोट लावून बघितलं. पुढच्या शनिवारचा स्लॉट घेतलाय. ताई, ग्रिप हाताला मोठी वाटते, अंगठ्याच्या मागे पोकळी राहते, त्याला काय करू?

कळवेकर_ताई:
आधी सरांना दाखव, पाम शेल्फ (ग्रिपच्या खालचा तळहाताचा आधार) वर-खाली होतो का ते बघ. नाहीतर वूड पुटीचा पातळ थर लाव, वाळायच्या आत ग्रिप पकडून हाताचा ठसा घे, मग पॉलिश पेपर. पण क्लबच्या पिस्तुलावर नको, स्वतःचं घेतलंस की त्यावर कर.