मागच्या सस्पेन्शनचे ब्रॅकेट: बोल्टचे घेऊ की वेल्डचे? (कॅमॅरो, मॉडेल २०००)

डेट्रॉईटचा_बंड्या

मंडळी, नमस्कार. गाडी शेवर्ले कॅमॅरो झेड२८, २००० चं मॉडेल, एलएस१ इंजिन, सहा गिअर मॅन्युअल. मी तिसरा मालक. गेल्या हिवाळ्यात चारी स्प्रिंगा बदलून गाडी सव्वा इंच खाली बसवली. दिसते झकास, पण आता पहिल्या गिअरमध्ये जरा जोरात निघालो की मागची चाकं थयथयाट करतात. धडधडधड. बायको म्हणाली, यापेक्षा आजोबांची बैलगाडी बरी होती.

चौकशी केल्यावर कळलं की लोअर कंट्रोल आर्मचं (ॲक्सलला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं) मागचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट मिळतात. काही नुसते बोल्टने बसतात, काही ॲक्सलला वेल्ड करायचे असतात. इथला एक दुकानदार म्हणतो बोल्टचे म्हणजे खेळणी, वेल्डच कर. वापर म्हणाल तर शनिवार-रविवार, वर्षातून चार-पाच ऑटोक्रॉस (शंकूंमधून वळणं घेत घड्याळाशी शर्यत), एखाद वेळी ड्रॅग स्ट्रिप (सरळ रेषेतली शर्यत) आणि ऑगस्टात वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे इथला हौशी गाड्यांचा मेळा. रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गाडी गॅरेजात. काय करू?

गंजलेला_बोल्ट

बंड्या, आधी ब्रॅकेटचं काम काय ते समजून घे. तुझ्या गाडीला मागे सॉलिड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या नळीवर. त्याला पुढे ढकलायचं काम दोन खालच्या आर्मचं, पिळापासून आवरायचं काम लांबलचक टॉर्क आर्मचं आणि आडवं जागेवर धरायचं काम पॅनहार्ड रॉडचं. गाडी खाली बसवलीस तेव्हा आर्मचं पुढचं टोक चासीबरोबर खाली आलं, मागचं ॲक्सलवर होतं तिथेच राहिलं. आर्म जवळपास २० इंच लांब आहे. सव्वा इंच म्हणजे साडेतीन अंशांचा फरक.

आता ॲक्सल पुढे रेटतो तेव्हा उतरता आर्म चासीला खाली ओढतो आणि चाकांवरचा दाब कमी करतो. चाक सुटतं, पुन्हा पकडतं, पुन्हा सुटतं. तुझी धडधड तीच. ब्रॅकेट मागचं टोक खाली आणून हा कोन परत सरळ करतो.

पण पाकीट काढण्याआधी गाडीखाली जा. आर्मच्या टोकांतले २५ वर्षांचे रबरी बुश (सांध्यातली रबरं) फाटले असतील, टॉर्क आर्मच्या पुढच्या टोकाचा बुश भुगा झाला असेल, तर कोन कितीही बरोबर असला तरी चाक नाचणारच. पहार घालून हलवून बघ.

शिरोलीचा_मिगवाला

मी कोल्हापुरात फॅब्रिकेशन करतो, कॅमॅरो फोटोतच बघितली आहे. पण लोखंड इथलं काय नि तिथलं काय, सारखंच वागतं. पोट माझं वेल्डिंगवरच चालतं, तरीही सांगतो, ॲक्सलच्या नळीवर वेल्ड मारणं म्हणजे चेष्टा नाही. एकाच बाजूला सलग बीड (वेल्डची रेघ) ओढला की थंड होताना नळी त्या बाजूला ओढली जाते. डोळ्याला दिसत नाही. टायर एका कडेने झिजायला लागला की मग कळतं.

करायचंच असेल तर रंग-गंज ग्राइंडरने चकाचक काढा. आधी टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा, मग इंचभर इकडे, इंचभर तिकडे, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. बॅटरी सोडा. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगवर डाग पडतात. ब्रेकची नळी, एबीएसची वायर बाजूला करा. पेट्रोलची टाकी कुठे येते या गाडीत?

गंजलेला_बोल्ट

टाकी ॲक्सलच्या लगेच मागे. म्हणजे ठिणग्यांच्या थेट वाटेत.

शिरोलीचा_मिगवाला

मग टाकी उतरवूनच काम. नाहीतर ॲक्सलच बाहेर काढून बाकावर घ्या. जमिनीवर पाठ टेकून, डोक्यावर टाकी ठेवून मी तरी वेल्ड मारणार नाही, कुणी कितीही पैसे दिले तरी.

ह्यूस्टनची_नेहा

मी हाच प्रयोग माझ्या २००१ च्या फायरबर्डवर केला, गाडी आतून तीच. एका दुकानाने (नाव घेत नाही) वेल्डचे ब्रॅकेट सर्वात खालच्या भोकावर आर्म लावून बसवून दिले. सरळ रेषेत गाडी बंदुकीच्या गोळीसारखी सुटायची. पहिल्याच ऑटोक्रॉसला तिसऱ्या वळणावर शेपूट पुढे आली! कारण आर्मचं मागचं टोक पुढच्यापेक्षा बरंच खाली असलं की गाडी कलताना बाहेरचं चाक मागे सरकतं, आतलं पुढे येतं आणि अख्खा ॲक्सल स्वतःच स्टिअरिंग करायला लागतो, तेही उलट्या दिशेने. शिवाय जोरात ब्रेक मारला की मागची चाकं उड्या मारायची.

ड्रॅगवाल्यांना खालचं भोक लागतं, वळणवाल्यांना आर्म जवळपास सपाट हवा. बंड्याला दोन्ही करायचंय, म्हणजे भोक बदलत राहावं लागणार. तेव्हा एकापेक्षा जास्त भोकं असलेलेच ब्रॅकेट घे. आणि ऑटोक्रॉसचं नियमपुस्तक आधी वाच, एका ब्रॅकेटपायी गाडीचा स्पर्धेतला वर्ग बदलू शकतो.

पुण्याचा_पोलोवाला

घुसखोरीबद्दल माफी. पोलो जीटीच्या मागच्या बीमला पट्टी वेल्ड करून घट्ट करू का?

शिरोलीचा_मिगवाला

नको रे बाबा. तो बीम पिळण्यासाठीच बनवलाय. पट्टी मारलीस की पीळ वेल्डच्या कडेला गोळा होणार आणि तिथूनच तडा जाणार. अँटी-रोल बार मिळतो, तो बोल्टने लाव. वेगळा धागा काढ.

डेट्रॉईटचा_बंड्या

सगळ्यांचे आभार. काल गाडी चारी चाकांवर उभी ठेवून, टाकी अर्धी भरून, मोबाइल आर्मला टेकवून कोन मोजला. पुढचं टोक जवळजवळ ३ अंश खाली. डाव्या आर्मचा मागचा बुश पार फाटलाय. आणि हो, पुढेमागे ताकद वाढवायला इंजिनाला वेगळा कॅमशाफ्ट टाकायचा विचार आहे, मग चिकट टायरही येतील.

गंजलेला_बोल्ट

हे आधी सांगायचं ना! मग निकाल लागलाच. तुझा ॲक्सल दहा बोल्टवाला, साडेसात इंचांच्या आसपासच्या गिअरचा. चिकट टायर आणि क्लच सोडून निघणं त्याला झेपत नाही, ही या गाडीची जगजाहीर दुखती नस आहे. आज ना उद्या तू त्याहून दणकट, बारा बोल्टचा नाहीतर नऊ इंची ॲक्सल घालणार. या गाडीसाठी बांधलेल्या त्या ॲक्सलवर खालच्या भोकांचे ब्रॅकेट बहुधा तयारच येतात. मग आता वेल्ड मारायचा तो कशावर? दोन वर्षांनी भंगारात देणार त्या नळीवर?

बोल्टचे घे. खेळणी वगैरे काही नाहीत. फक्त जाड पत्र्याचे आणि मूळ आर्मच्या भोकाशिवाय आणखी एका जागी धरणारे बघ. एकाच बोल्टवर लोंबणारा ब्रॅकेट फिरतो आणि भोक अंडाकृती करून टाकतो. शंभरेक मैलांनी पुन्हा पाना लाव.

सोबत आर्मही बदल. दोन्ही टोकांना पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक) बुश घेऊ नकोस. गाडी कलते तेव्हा आर्मला पीळ पडावा लागतो, पॉली तो पडू देत नाही आणि मागची पकड अचानक सुटते. एका टोकाला पॉली, दुसऱ्याला गोलाकार जॉइंट. पॅनहार्ड रॉड लांबी बदलता येणारा घे, कारण गाडी खाली आली की ॲक्सल एका बाजूला सरकलेला असतो. टॉर्क आर्मचं नंतर बघू. मूळ गाडीत तो गिअरबॉक्सच्या शेपटाला बांधलाय आणि जोरात निघणाऱ्यांची शेपटं फुटलेली आहेत, पण ते चिकट टायर आल्यावर.

वेल्डिंगची हौस सबफ्रेम कनेक्टरवर (चासीचा पुढचा-मागचा भाग जोडणाऱ्या पट्ट्यांवर) भागव. ते चासीला लागतात, चासी तू बदलणार नाहीस. तुझी टी-टॉपवाली (छताचे दोन तुकडे काढता येणारी) असेल तर फरक पहिल्याच खड्ड्यात कळेल. मात्र वेल्ड मारताना गाडी चाकांवर उभी हवी, पोटाखाली लिफ्टचे हात घालून लोंबकळत ठेवलेली नको, नाहीतर वाकलेली चासी तशीच पक्की होते.

शिरोलीचा_मिगवाला

+१. आणि आतलं कार्पेट उचलून, एक माणूस पाण्याची बाटली घेऊन आत बसवा. खालचं वेल्डिंग वरून पेटतं.

डेट्रॉईटचा_बंड्या

टी-टॉपच आहे. बोल्टचे ब्रॅकेट, आर्म आणि पॅनहार्ड रॉड आज मागवले. सुरुवात मधल्या भोकापासून करतो. पाण्याची बाटली घेऊन बसायला बायको तयार आहे, पण तिची अट आहे की त्यानंतर वुडवर्डला गाडी ती चालवणार.