मदत हवी आहे: खनिजाच्या मालगाडीचं मॉडेल, भिंत फक्त अकरा फूट

कुडचडेकर

मंडळी, नमस्कार.

मूळचा कुडचड्याचा, सध्या मुक्काम मडगावच्या फ्लॅटात. घरात बऱ्याच वाटाघाटी होऊन एक भिंत माझ्या वाट्याला आली आहे: अकरा फूट लांब, दीड फूट खोल. समोर कपाटाची दारं उघडतात, त्यामुळे खोलीत एक बोटही वाढणार नाही. स्केल एचओ, म्हणजे १:८७. रूळ नेहमीचे १६.५ मिमीचे. (ब्रॉडगेज या स्केलला खरं तर १९ मिमीच्या वर जातं, माहीत आहे. त्यावरून इथे पूर्वी झालेली मारामारीही वाचली आहे. कृपया पुन्हा नको.) कंट्रोल डीसीसी, म्हणजे रुळांतूनच इंजिनाला डिजिटल संदेश जातो. इंजिन एक, डब्ल्यूडीजी-४, मालगाडीचं डिझेल. बॉक्सएन वाघिणी (वरून उघडे मालडबे) बारा, काही विकतच्या, काही थ्रीडी प्रिंट करून घेतलेल्या. शेवटी गार्डाचा डबा.

विषय लोहखनिजाची मालगाडी, काळ २००८ ते २०१०. खनिजाचा बाजार तेव्हा तेजीत होता, २०१२ मध्ये खाणी बंद पडायच्या आधीचा. दुसरं कारण आळसाचं: तेव्हा आमच्या लाईनीवर विजेच्या तारा नव्हत्या, त्यामुळे खांब उभे करायचा प्रश्न नाही. गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. गोव्याच्या खाणीतला माल बहुतेक बार्जमधून मांडवी आणि जुवारी नदीने मुरगाव बंदरात जायचा. रेल्वेने यायचा तो बळ्ळारी-होसपेटकडचा माल, कॅसल रॉकवरून घाट उतरून कुळ्याला आणि पुढे खाली. बंदरातला आयात कोळसा त्याच रुळांवरून उलट, घाट चढून जायचा.

आता अडचणी. मला घाटही हवा आहे आणि सायडिंगही. मागच्या बाजूला १:३७ चा चढ, जमल्यास दूधसागरचा पूल, आणि पुढे सपाटीवर खनिज उतरवायचं सायडिंग, तिथून ट्रकने बार्जच्या धक्क्याकडे. स्टेशन कल्पनेतलं, नाव ‘तांबडेमळ’. कागदावर चार-पाच आराखडे झाले, सगळ्यांत रुळांची नुसती खिचडी दिसते.

दुसरं, गाडी पुढे ओढली तर नीट चालते. मागे ढकलली की सांध्यावर (एका मार्गाचे दोन होतात तिथे) तिसरी-चौथी वाघीण हमखास रुळावरून उतरते. तिसरं, वाघिणीत भरायचं खनिज कसं करावं? दुकानातल्या कोळशाच्या तयार भरावाला लाल रंग मारून पाहिला, अगदी तिखटाची पूड वाटते. चौथं म्हणजे आपला पावसाळा.

चवथीला सगळी भाचरं घरी येतात. तोवर निदान एक गाडी न पडता हलली पाहिजे. सजावट नंतर झाली तरी चालेल.

घाटातला बँकर

कुडचडेकर, वाईट बातमी आधी. घाट सोडा.

१:३७ म्हणजे ३७ मिमी पुढे गेल्यावर १ मिमी वर. तुमची भिंत साधारण ३३५० मिमी. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चढ काढलात तरी हाती येतात ९० मिमी. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायलाच ७५ मिमी लागतात, शिवाय चढाच्या दोन्ही टोकांना हळूहळू वळवून घ्यायची जागा. सगळी भिंत खर्च करून घाट दिसणार नाही, घसरगुंडी दिसेल. दूधसागरचं तर विचारूच नका. ३१० मीटरचा धबधबा १:८७ ला साडेतीन मीटरच्या वर जातो. तुमच्या वरच्या मजल्यावरच्यांची परवानगी लागेल.

बारा वाघिणींचाही हिशेब करा. बॉक्सएन कपलरपासून कपलरपर्यंत (डबे जोडायच्या एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत) १०.७ मीटर, मॉडेलमध्ये १२३ मिमी. बारांचे झाले जवळपास दीड मीटर. इंजिन २४४ मिमी, वर गार्डाचा डबा. ही गाडी उभी केली की निम्म्याहून जास्त भिंत गेली, मग ती येणार कुठून आणि जाणार कुठे? खरा रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी माळ, ५८ वाघिणींचा, तो सात मीटरच्या वर जाईल, म्हणजे काटछाट कुणालाच चुकलेली नाही. आठ वाघिणी ठेवा. दीड फूट खोलीच्या देखाव्यात आठ वाघिणींचा रेक लांबच वाटतो, कारण बघणारा जवळ उभा असतो आणि दोन्ही टोकं एका नजरेत मावत नाहीत.

मीटरगेज

माझं मत वेगळं. एवढ्या जागेत नुसती गाडी पुढे-मागे करून आठवड्यात कंटाळाल. इंगलनूक करा, म्हणजे वाघिणी क्रमाने लावायचं शंटिंगचं कोडं. तीन सायडिंगं, एकात पाच वाघिणी मावतात, दोनांत तीन-तीन. एकूण आठ वाघिणी, त्यातल्या पाच चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने लावायच्या. पत्त्यांच्या डावासारखं आहे, वर्षानुवर्षं खेळलं तरी संपत नाही.

घाटातला बँकर

खेळ म्हणून उत्तम, पण इथे तो बसत नाही. बॉक्सएनचा रेक फोडत नाहीत. एकाच मालाचा, एकाच ठिकाणचा अख्खा रेक येतो, रिकामा होतो, अख्खा जातो. एकेक वाघीण वेचून शंटिंग करायचं तर तुमच्या नावाला जागून मीटरगेजच्या काळात जावं लागेल. म्हणजे गोव्यात नव्वदीच्या दशकातल्या गेजबदलाच्या आधी, आणि मॉडेलला १२ मिमीचा रूळ. इंजिनापासून सगळं पुन्हा खरेदी.

मीटरगेज

मान्य. पण मीटरगेजच्या वायडीएम-४ डिझेलची सर कुठल्याच इंजिनाला नाही, हे नोंदवून ठेवतो.

घाटातला बँकर

त्यावर वाद नाही. 🙂

कुडचडेकर, माझा आराखडा सांगतो, एकच सांधा लागेल. भिंतीचा डावीकडचा दीड मीटर पडद्याआड घाला. तिथे दोन रूळ असलेली सरकती फळी, एकीवर भरलेला रेक, एकीवर रिकामा. पडदा कशाचा, तर रुळांवरून जाणारा रस्त्याचा पूल, मागे काजूची झाडं. उजवीकडे राहिले सुमारे १८५० मिमी, तो तुमचा तांबडेमळ. पुलाच्या पुढे लगेच पीको कंपनीचा मध्यम त्रिज्येचा सांधा, त्याची लांबी २१९ मिमी. तिथून दोन रूळ: पाठीमागे मेन लाईन, पुढे सायडिंग. आठ वाघिणी, इंजिन आणि गार्डाचा डबा मिळून १४०० मिमीच्या आत बसतात, सांधा धरला तरी जागा उरते.

गाडी पुलाखालून उलटी येऊ दे. आधी गार्डाचा डबा, मग वाघिणी, शेवटी ढकलणारं इंजिन. सायडिंगात रेक असाच ढकलत लावतात, चालण्याच्या वेगाने. इंजिन आत अडकत नाही, त्यामुळे वळसा घालायला दुसरा सांधा नको. घाट नजरेआड गेला तरी त्याची खूण ठेवता येईल. मेन लाईनवर एक जोड-इंजिन उभं करा, कुळ्याला बँकर (घाटात गाडीला जोर द्यायची इंजिनं) थांबतात तसं. चालू नसलं तरी चालेल, नुसता सांगाडाही पुरे.

फ्लक्स आणि कथिल

ढकलतच आणायची म्हणता, तर वाघिणी उतरायचं आधी मिटवू या. तपासायचा क्रम माझ्या अनुभवाने असा.

आधी वजन. एचओला अमेरिकेतल्या एनएमआरए संस्थेची शिफारस आहे: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. १२३ मिमीच्या वाघिणीला ते ९५ ते १०० ग्रॅम होतं. थ्रीडी प्रिंटची वाघीण याच्या जवळपासही नसणार. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. विकतची जड आणि प्रिंटची हलकी अशी सरमिसळ लावली की ढकलताना हलकी वाघीण दोन जडांमध्ये चिमटून वर उचलली जाते. तुमची ‘तिसरी-चौथी’ कोणती आहे ते बघाच. वजन तळाशी, दोन बोगींच्या (वाघिणीखालच्या चाकांच्या फिरत्या गाड्यांच्या) मधोमध चिकटवा. गाडीच्या चाकांना लावायच्या वजनाच्या चिकटपट्ट्या टायरवाल्याकडे मिळतात, ५ आणि १० ग्रॅमच्या, त्या उत्तम.

मग चाकं. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण १४.४ मिमी हवं. स्वस्त चाकं यात फार बदमाश असतात. कॅलिपरने प्रत्येक आस मोजा.

तिसरी गोष्ट बोगीचे स्क्रू, आणि इथे बहुतेकजण दोन्ही सारखेच आवळतात. एका टोकाची बोगी फक्त फिरावी, डुलू नये, इतपत स्क्रू घट्ट. दुसऱ्या टोकाचा थोडा सैल, म्हणजे ती बोगी फिरेलही आणि आडवी डुलेलही. वाघीण तीन पायांच्या स्टुलासारखी उभी राहते आणि रूळ किंचित वाकडा असला तरी चाक हवेत राहत नाही.

कपलर बोगीला लावलेले असतील तर काढून सांगाड्याला बसवा. बोगीवरचा कपलर ढकलताना बोगीलाच तिरकी दाबतो. केडी कंपनीसारखा नकल कपलर (मुठीसारखा अडकणारा) घ्या, खऱ्या बॉक्सएनला सेंटर बफर कपलर असल्याने दिसायलाही तोच जवळचा.

विजेचं थोडक्यात: रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर जोडा. जोडपट्टीतून करंट जाईल या भरवशावर राहू नका, आपल्या दमट हवेत तर नकोच.

तांबडी माती

दादा, खनिजावर मी लिहिते. डिचोलीची आहे, हा रंग अंगाखांद्यावर घेऊनच वाढले.

तिखटाची पूड वाटते याचं कारण रंग आहेच, पण त्याहून मोठं कारण भरण्याची पातळी. बॉक्सएन मुळात कोळशासाठी. आत जागा ५६ घनमीटरच्या आसपास, माल घ्यायची ताकद ५८-५९ टन. कोळसा हलका, तो काठोकाठ भरतो. खनिज त्याच्या दुपटीहून जड, म्हणून अर्ध्याच्या खालीच वजनाची मर्यादा गाठली जाते. बाहेरून बघणाऱ्याला वाघीण रिकामीच वाटते. पुलावर उभं राहून खाली बघितलं की तळाशी माल दिसतो, तोही सपाट नाही. लोडरची बादली जिथे रिती झाली तिथे ढीग, मध्ये खळगा. तुमच्या मॉडेलमध्ये आतली उंची २२ मिमी भरेल, त्यात खनिज सरासरी १० मिमी. वरच्या उघड्या भिंतींना आतून गंज आणि तांबडी धूळ लावा, बाहेरच्यापेक्षा जास्त.

रंग एकच वापरू नका. खनिज स्वतः गडद असतं: तपकिरी, जांभळट, कुठे पोलादी निळसर करडं. लाल असते ती त्याची धूळ. म्हणजे ढीग गडद ठेवायचा, आणि ट्रकचे टायर, रस्त्याची कड, स्लीपर, काजूची पानं हे लाल. तुम्ही उलटं रंगवलंत तर कितीही बारीक काम केलं तरी खटकेल.

खरी माती वापरा, फुकट आहे. तव्यावर कोरडी भाजून घ्या, नाहीतर पावसात बुरशी येते. आधी चहाच्या गाळणीतून, मग जुन्या नायलॉन मोज्यातून चाळा. फेविकॉल एक भाग, पाणी तीन भाग, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, ड्रॉपरने सोडायचं. वाळल्यावर माती एक छटा गडद होते, म्हणून थोडी फिकी निवडा.

आणि हे मात्र विसरू नका: कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक त्या मातीतून आधी फिरवा. आपल्या मातीत चुंबकाला चिकटणारे कण सापडतात. ते रुळावरून इंजिनाच्या मोटरीत गेले तर इंजिन गेलं. रुळाजवळ टाकायच्या मातीवर तीन-चारदा फिरवा, कागदावर काही येईनासं होईपर्यंत.

कुडचडेकर

ताई, हे वाचून वाघिणीतला सगळा भराव उपसला. खरंच, कुडचड्याच्या फाटकावर उभं राहून किती रेक बघितले, पण ‘रिकामी चालली’ असंच वाटायचं!

घाट सोडला. बायकोला हायसं वाटलं, तिच्या मते दूधसागर कपाटाच्या दारावर आपटणारच होता. फ्लक्सभाऊ, तुमच्या सांगण्यावरून वाघिणी काट्यावर ठेवल्या. विकतच्या ९० च्या पुढे, प्रिंटच्या ४० च्या आसपास. उतरणाऱ्या त्याच.

एक शंका: सायडिंगात माल उतरला हे दाखवायचं तर भराव काढता-घालता आला पाहिजे. चिमट्याने काढायला गेलो तर ढीग मोडतो.

तांबडी माती

पातळ कार्डबोर्ड वाघिणीच्या आतल्या मापापेक्षा किंचित लहान कापा, त्यावर ढीग रचा, आणि मधल्या ढिगात एक छोटा लोखंडी स्क्रू पुरा. वरून काडीला बांधलेलं चुंबक नेलं की अख्खा भराव उचलून येतो. पोकलेन शेजारी उभं करा आणि दोन वाघिणी रिकाम्या ठेवा, म्हणजे काम चालू आहे असं वाटेल.

फ्लक्स आणि कथिल

पावसाळ्याचं राहिलं. प्लायवूड मरीन घ्या, आयएस ७१० छाप बघून. साधं कमर्शियल दोन पावसांत पोट काढतं. सीलर दोन्ही बाजूंना आणि कापलेल्या कडांना, कडांना तर दोनदा. रूळ निकेल सिल्व्हरचेच. जोडांमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवा, तापमानापेक्षा लाकूड फुगतं-आकसतं त्यासाठी. प्लास्टर ऑफ पॅरिसचे डोंगर नकोत, ओल धरतात. इन्सुलेशनचा दाट फोम कापून वर माती लावा. आणि भिंतीला चिकटवू नका, मागे दोन बोटं हवा खेळू द्या. वाळवी आधी तिथूनच येते.

कुडचडेकर

सगळ्यांचे देव बरें करूं. रविवारी प्लाय आणतो. बँकरभाऊ, सरकती फळी मेन लाईनशी जुळल्यावर वीज कशी जोडायची? दाराची पितळी कडी लावली तर तीच करंटही नेईल का?

घाटातला बँकर

नेईल, जुनीच युक्ती आहे. पण प्रत्येक मार्गाला दोन कड्या लागतील, डाव्या आणि उजव्या रुळाला एकेक, आणि दोन्ही एकमेकींपासून तुटक. फळीवरच्या ज्या मार्गाच्या कड्या लावल्या नसतील तो आपोआप बंद राहतो, म्हणजे उभा रेक चुकून खाली जायची भीती नाही. सरळ नळीसारखी कडी घ्या, तीच फळी रेषेतही धरते. कडी लावायच्या आधी पॉलिश पेपरने वरचं लॅकर घासून काढा, नाहीतर चवथीला इंजिन हलणार नाही आणि भाचरं मोबाईलकडे वळतील.