एंट्री लेव्हल म्हणजे नक्की किती अनुभव? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, टेस्टिंगमध्ये मला १ वर्ष ४ महिने झालेत, त्याआधी ६ महिने इंटर्नशिप, आता जॉब बदलायचाय पण जाहिरातीतल्या लेव्हलच कळत नाहीयेत. काल एक पोस्ट बघितली, वर ठळक अक्षरात एंट्री लेव्हल आणि खाली स्क्रोल केलं तर किमान ३ वर्षं! मग फ्रेशरने जायचं कुठे? लिंक्डइनच्या फिल्टरला एंट्री लेव्हल, असोसिएट, मिड-सीनियर असे पर्याय दिसतात, त्यात मी असोसिएटमध्ये बसतो का अजून एंट्रीतच?

सगळ्यात जास्त अडतंय ते इंटर्नशिपवर. एक मित्र म्हणतो ती धरतच नाहीत, दुसरा म्हणतो स्टायपेंड मिळत होता ना मग बिनधास्त धर. त्यात एका फॉर्ममध्ये एकूण अनुभवाच्या रकान्यात पूर्ण आकडाच चालतो, १.४ टाकलं की लाल एरर, मग १ लिहू का २? खोटं लिहायचं नाहीये मला, उद्या रिलीव्हिंग लेटर तपासलं तर उगाच पंचाईत.

इथे कोणी एचआरमध्ये असाल तर प्लीज सांगा, ३ वर्षं मागितली असतील आणि बाकी स्किल्स जुळत असतील तर अप्लाय करावं का, की रेझ्युमे बघतही नाहीत?