भंडारदऱ्यात उन्हाळी आठवडा: आठ जुने मित्र, सगळे पंचावन्नच्या पुढचे. आखणी कशी करावी?

शेंडीमुक्काम: मेच्या शेवटच्या आठवड्यात कॉलेजचे आठ मित्र येणार आहेत. धरणाजवळच्या शेंडी गावात घर घेतलंय, स्वयंपाक आमचाच. कळसूबाई, रतनगड, सांदण दरी आणि काजवे, एवढं सगळ्यांना हवंय. दोघांना बीपीच्या गोळ्या आहेत, एकाचा गुडघा दुखरा. कुठल्या दिवशी काय ठेवावं? पाणी-जेवणाचा अंदाज कसा धरावा?

कातळवाट: आधी वार बदला. शनिवार-रविवारी काजवे बघायला गाड्यांची रांग लागते. रविवारी संध्याकाळी या, शनिवारी सकाळी निघा. मे संपता-संपता आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात काजवे भरात असतात, म्हणून जमल्यास चार दिवस पुढे सरका. त्याहून पुढे नको, पाऊस लागला की काजवे संपले.

कळसूबाईच्या मोठ्या चढाईनंतरचा दिवस, म्हणजे बुधवार, मोकळा ठेवा. सोमवारी अमृतेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी, पाय मोकळे करण्यापुरतं. मंगळवारी कळसूबाई. १६४६ मीटर उंची आहे, पण त्रास उंचीचा होत नाही, उन्हाचा होतो. बारी गावातून पहाटे ४ला चालायला लागा, ७-७.३०ला माथा, १०.३०च्या आत खाली. दहानंतर शिड्यांचं लोखंड हात ठेववत नाही इतकं तापतं, आणि दुखरा गुडघा बोलतो तो उतरताना. त्या मित्राला दोन काठ्या द्या, उतरणीला काठी थोडी लांब करायची. माणशी ४ लिटर पाणी, त्यातलं एक लिटर ओआरएसचं. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एका लिटरात. पेलाभर पाण्यात पुडी ओतून पिणारे बरेच असतात, त्याने तहान वाढते आणि पोट बिघडतं.

बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर उन्हात चक्कर येऊ शकते. डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, गोळी मनाने बंद करू नका.

दुपारी ३नंतर कड्यावर थांबू नका. वळवाचे ढग अर्ध्या तासात जमतात, आणि वीज कडाडत असताना शिडी किंवा रेलिंग धरणं म्हणजे जिवाशी खेळ.

चूलबोळकं: जेवणाच्या आधी पाणी. मेमध्ये या भागातल्या विहिरी तळाला जातात, काही पाड्यांवर टँकर येतो. तुमच्यासकट नऊ माणसांना आंघोळीसकट दिवसाला ५००-६०० लिटर लागतं. घरमालकांना टाकी किती लिटरची आणि किती दिवसांनी भरते ते आजच विचारा.

नऊ जणांना जाडे पोहे ८०० ग्रॅम, भाताला तांदूळ पाऊण किलो, भाकरीला रोज एक किलो पीठ. पण भाकऱ्या गावातल्या ताईंकडून घ्या. चुलीवरची येते, चार पैसे त्यांना मिळतात. डोंगरावर बटाट्याची भाजी नेऊ नका. गरम भाजी डब्यात कोंडली की वाफेने घाम सुटतो आणि उन्हात ती आंबते. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, सुकी शेंगदाण्याची चटणी, गूळ टिकतं. दशम्या पूर्ण गार झाल्यावरच फडक्यात बांधा. करवंदं वाटेत मिळतीलच, चीक लागला तर हाताला खोबरेल चोळा.

शेंडीमुक्काम: वार बदलतो. सांदण आणि रतनगड, दोन्ही जमेल?

कातळवाट: त्या गुडघ्याला दोन्ही नको. रतनगडाला शिड्या आहेत, नेढ्यापर्यंतची (माथ्यावरचं कातळातलं आरपार भोक) चाल लांब. जाणाऱ्यांनी गुरुवारी जावं. गडावरच्या टाक्यांतलं पाणी मेमध्ये तळाशी जातं, वर मिळेल असं धरून जाऊ नका. सांदण शुक्रवारी, साम्रद गावाकडून आत जाऊन तिथूनच परत. पुढे दोर लागतो, तो जाणकार सोबत असल्याशिवाय नाहीच. दरीत सगळी चाल दगडांवरून उड्या टाकत होते, त्यात गुडघा सुजतो. वरून वानरं दगड पाडतात, म्हणून हेल्मेट घाला. आकाशात ढग दिसला तर आत शिरूच नका. पाऊस वर कुठेतरी पडतो आणि पाणी दरीत येतं. साम्रदचा वाटाड्या घ्या, कुंडात पाणी किती आहे ते त्यालाच माहीत असतं.

मागे राहिलेल्यांना जलाशयावर पाठवाल, पण पोहायला नको. मेमध्ये पाणी मागे सरकतं आणि काठाचा गाळ वरून सुकलेला दिसतो, आत पाय मांडीपर्यंत जातो.

काजवा४: काजव्यांसाठी रात्र मंगळवारची घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी चढाई नसते. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ या झाडांवर बघा. वनखात्याच्या प्रवेशाच्या वेळा चौकशी करून घ्या. गाडीचे दिवे बंद, टॉर्चला लाल जिलेटिन कागद दुहेरी, मोबाइलचा फ्लॅश बंद. उजेड पडला की ते लुकलुकणं थांबवतात आणि जोडी जमणं राहून जातं. मळलेल्या वाटेवरूनच चाला, माद्या बऱ्याचदा खाली गवतात असतात. आणि बूट घालूनच, कारण घोणस आणि फुरसं याच दिवसांत रात्री बाहेर पडतात. सकाळी बूट झटकून घाला, विंचू आत बसतो. डास पळवायचं मलम घरीच लावून हात धुवा, झाडाजवळ फवारणी नको.