अडा ब्लॅकजॅकच्या ‘रक्तातच होतं’?

ध्रुवमासा:
काल इथे एकाने ठोकून दिलं, “अडा एस्किमो होती, बर्फात जगणं रक्तातच, त्यात कसलं कौतुक?” वा! बाई मिशनऱ्यांच्या हाताखाली अलास्कातल्या नोममध्ये वाढली. शिवणटिपण, स्वयंपाक येत होता; बंदूक आणि सापळा नाही. सप्टेंबर १९२१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेच्या रँगेल बेटावर चार पुरुषांच्या मोहिमेसोबत गेली ती महिना ५० डॉलरवर फरचे कपडे शिवायला, कारण मुलाला क्षय होता. सोबत येणारी एस्किमो कुटुंबं ऐनवेळी फिरली. जानेवारी १९२३ मध्ये त्यातले तिघे, क्रॉफर्ड, मॉरर, गॅल, मदत आणायला सायबेरियाकडे निघाले ते कायमचेच. मागे ही आणि स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) आडवा झालेला चौथा, नाइट. सापळे तेव्हा शिकली. साखळीला खुंटी नीट नसेल तर कोल्हा सापळ्यासकट पळतो, वर बर्फ गोठला तर जबडे मिटतच नाहीत. हे रक्तातून येतं?

गलबतवाला:
शिकली, मान्य. पण एकाच पातेल्यातलं खाऊन नाइट जूनमध्ये मेला आणि ही ऑगस्टात जिवंत सापडली, हे कसं? तिला सोडवून आणणाऱ्या नॉइसने नाइटच्या हेळसांडीचा आरोप केलाच होता.

ध्रुवमासा:
आणि नंतर मागे घेतला! अर्धवट वाचून बाईवर शिंतोडे उडवू नका.

वैद्यबुवा:
नाइटला १९१७ मध्येही स्कर्व्ही झाली होती. क जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन महिन्यांत संपतो. ते ताज्या मांसात, त्यातही काळजात (यकृतात) असतं, पण तासभर रटरट शिजवलं की गेलं. हिवाळ्यातला कोल्हा चरबीशिवाय, नुसता सुका. त्यावर माणूस पोट भरूनही खंगतो. सील, पक्षी, अंडी मिळू लागली तोवर नाइट फार पुढे गेला होता.

गलबतवाला:
मग मोहिमेसोबतची विक मांजर कशी जगली? तिला कोणी काळीज भरवलं?

वैद्यबुवा:
मांजराचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः बनवतं. माणसाचं नाही. पुढचा प्रश्न?

हिमनग:
मांजरीवर भांडताय, आणि ही मोहीम आखणाऱ्या स्टेफान्सनचं नाव नाही! ‘आर्क्टिक माणसाला पोसतं’ हा त्याचा हेका. सहा महिन्यांचा शिधा देऊन पाच जणांना पाठवलं, स्वतः मात्र गेला नाही. १९२२ ला मदतीची बोट टेडी बेअर बर्फापुढे हरून परतली, तरी याची खात्री कायम. नाइटच्या मृत्यूचा जाब बाईला का?

गलबतवाला:
स्टेफान्सनवर तुमचा राग दर धाग्यात ऐकतो, हिमनगराव. बरं, बाईने हेळसांड केली नाही. झालं समाधान? पण अस्वलाच्या नावाने कापरं भरायचं, याला शूर कसं म्हणायचं?

ध्रुवमासा:
म्हणूनच बिछान्यावर बंदुकीसाठी मांडणी केली आणि अस्वल लांबूनच दिसावं म्हणून तंबूवर माच बांधला. नाइट गेल्यावर त्याच्या प्रेताला जनावरांनी हात लावू नये म्हणून खोक्यांची भिंत रचली आणि स्वतः दुसऱ्या तंबूत गेली. शूर नका म्हणू हो. डोकं चालवणारी म्हणा, तेवढं पुरे.