शाळेच्या कामासाठी घरी वायफाय प्रिंटर घ्यायचा आहे, पण मे महिन्यात शाई वाळते. काय घेऊ?

देवरुखच्या_बाई

नमस्कार. देवरुखजवळच्या एका द्विशिक्षकी शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. माझ्या दोन वर्गांची मिळून मुलं १९. त्यांच्यासाठी स्वाध्यायपत्रिका मी घरी तयार करते, कारण प्रत्येक मूल वेगळ्या पायरीवर असतं आणि छापील पुस्तकातलं एकच पान सगळ्यांना चालत नाही. आठवड्याला ६०-७० पानं होतात. बहुतेक काळी, महिन्यातून दहा-पंधरा रंगीत चित्रकार्डं. शिवाय मुलांचे जन्मदाखले, आधार, पासबुकाचं पहिलं पान स्कॅन करून पोर्टलवर टाकायचं काम वर्षभर चालूच असतं. झेरॉक्सचं दुकान घरापासून ११ किलोमीटरवर.

तीन वर्षांपूर्वी मी चार हजारांचा कार्ट्रिजवाला प्रिंटर ऑनलाइन घेतला होता. मे महिन्यात माहेरी कोल्हापूरला गेले, १५ जूनला शाळा सुरू झाली तेव्हा पानावर काळ्याच्या जागी नुसत्या फिकट रेघा. काळी आणि रंगीत अशा दोन्ही कार्ट्रिज घ्यायच्या तर प्रिंटरच्या निम्मी किंमत. यंदा पुन्हा तेच झालं. दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या बाई. पण ज्या मशीनला काहीही झालेलं नाही ते टाकून द्यायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

आता १५ हजारांपर्यंत खर्च करू शकते, पैसे माझ्या पगारातले आहेत, म्हणून चूक व्हायला नको. पावसात लाइट दिवसातून तीन-चारदा जाते, घरी इन्व्हर्टर आहे. राउटर माडीवर, प्रिंटर खाली ओटीवर ठेवायचा आहे. मी जास्त करून मोबाइलवरूनच प्रिंट देणार. टाकीवाला (बाटलीतून शाई भरायचा) घ्यावा की लेझर?

कोथरूड_नेटवर्क

ताई, वायफायपुरतं सांगतो. वायफायच्या लहरी दोन प्रकारच्या, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या. घरगुती प्रिंटरांपैकी बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांना दिसतच नाही. राउटरवर दोन्हींचं नाव एकच असेल तर जोडणी करताना घोळ होतो. तेवढ्यापुरतं २.४ चं नाव वेगळं ठेवा. ते भिंतींतून आणि मजल्यातून जास्त लांब पोचतं, त्यामुळे माडी-ओटीच्या अंतराची काळजी नको.

दुसरं, काही दिवसांनी प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवायला लागतो आणि लोकांना वाटतं बिघडला. लाइट जाऊन आली की राउटर त्याला नवा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) देऊ शकतो आणि लॅपटॉप जुन्या पत्त्यावर शोधत बसतो, एवढंच झालेलं असतं. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवा. तुमच्याकडे लाइट इतक्यांदा जाते तर हे पहिल्या दिवशीच करा.

आणि वायफायवरून प्रिंट द्यायला इंटरनेट लागत नाही. केबल तुटून नेट बंद असलं तरी राउटर चालू असला की पान निघतं. राउटरही बंद असेल तर वायफाय डायरेक्टने फोन थेट प्रिंटरला जोडता येतो. खरेदी करताना ही सोय आहे का ते बघून घ्या.

कुडाळ_झेरॉक्स

बाई, कुडाळात माझं झेरॉक्स आणि प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे, १७ वर्षं झाली. तुमच्यासारखी मशीनं दर जूनला माझ्या टेबलावर रांगेत असतात, आणि त्यांत शिक्षकांची सर्वांत जास्त. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळे विचारतात, महिन्याला पानं किती? मी विचारतो, दोन प्रिंटमध्ये खंड किती पडतो? शाईच्या प्रिंटरला पानांचा त्रास होत नाही, खंडाचा होतो. हेड म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, त्याला केसाहून बारीक भोकं असतात. मशीन बंद होताना हेड एका कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं, त्यामुळे शाईला हवा लागत नाही. पण ती टोपी काही बाटलीचं बूच नव्हे. दीड महिना उन्हाळ्यात पडून राहिलं की शाई भोकातच घट्ट होते.

यात लोकांकडून एक चूक कायम होते. प्रिंटर भिंतीवरच्या खटक्याने बंद करतात. मशीनच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं की हेड टोपीवर नीट जाऊन बसतं. मधेच करंट तोडला तर ते उघडं राहू शकतं. तुमच्याकडे छापताना लाइट जाते तेव्हाही हेच घडतं, म्हणून प्रिंटर इन्व्हर्टरच्या लाइनवरच घ्या. टाकीवाला प्रिंटर छापताना १५ वॅटच्या आसपास घेतो, त्याचं ओझं काहीच नाही.

आधी तुमच्या जुन्या मशीनबद्दल. टाकू नका. स्वस्तातल्या बऱ्याच कार्ट्रिज मशीनमध्ये हेड कार्ट्रिजवरच असतं. कार्ट्रिज काढा, खाली तांब्यासारखी चकाकणारी पट्टी दिसेल. तसं असेल तर टिश्यू पेपर कोमट पाण्यात भिजवून बशीत ठेवा आणि कार्ट्रिज त्या पट्टीवर दोन-तीन मिनिटं उभी करा. टिश्यूवर रंग उतरला म्हणजे भोकं उघडताहेत. घासू नका. मग कोरड्या टिश्यूवर हलकी टेकवून परत बसवा. रंगीत शाई पाण्यात लवकर विरघळते. काळी बऱ्याचदा पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची असते, तिला दोन-तीन खेपा लागतात. कार्ट्रिजमध्ये शाई उरली असेल तर जमण्याची चांगली शक्यता आहे.

आता नवीन. आठवड्याला ६०-७० पानं म्हणजे तुम्हाला टाकीवालाच योग्य. हिशेब बघा. एप्सनच्या एल ३२५० सारख्या मशीनला लागणारी काळ्या शाईची बाटली ६५ मिलीची, कंपनी त्यात ४,५०० पानं सांगते. तो आकडा अगदी विरळ मजकुराच्या पानाचा. तुमच्या पानावर चित्रं, मोठी अक्षरं, जाड चौकटी असणार, म्हणून मी निम्म्याहून कमी, २,००० धरतो. बाटली ४०० रुपयांना धरली तरी पानाला २० पैसे. कागदाचा रिम ३०० ला धरा, पानाला ६० पैसे. म्हणजे शाईच्या तिप्पट खर्च कागदाचा! लहान कार्ट्रिजमध्ये शाई असते ५-१० मिली, आणि किंमत या बाटलीहून जास्त. तुमचे पैसे गेले ते तिथे.

कंपन्यांत मुख्य फरक हेडचा. एप्सनचं हेड मशीनमध्येच पक्कं बसवलेलं असतं, शाई तापवत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. पण पूर्ण चोक झालं तर काम मेकॅनिकचं आणि खर्च मोठा. कॅननची जी मालिका आणि एचपीचे स्मार्ट टँक यांची हेडं घरी काढून बदलता येतात. तुमच्यापासून सर्व्हिस सेंटर लांब आहे. म्हणून माझं मत दुसऱ्या प्रकाराकडे झुकतं, पण मशीन वापरात ठेवणार असाल तर पहिलंही उत्तम चालतं. रत्नागिरीत कोणत्या कंपनीचा माणूस घरी येतो ते आधी फोन करून विचारा आणि तेच घ्या.

एवढ्या पैशात आपोआप दोन्ही बाजू छापणारं किंवा वरून कागदांचा गठ्ठा ओढून घेणारं मशीन सहसा मिळत नाही. तुम्हाला त्याची गरजही नाही. पहिलीची मुलं खडूने जोर लावून रंगवतात, मागची बाजू कोरीच बरी.

अमरावती_टॅक्स

थोडा विरोध नोंदवतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि माझं काम जुलै ते सप्टेंबर एवढंच जोरात. टाकीवाला प्रिंटर दोनदा चोक झाल्यावर मी ब्रदरचा वायफायवाला काळा-पांढरा लेझर घेतला. टोनर म्हणजे कोरडी पूड, वाळायचा प्रश्नच नाही. चार महिने बंद ठेवा, पहिलंच पान कोरल्यासारखं येतं. छापलेल्या पानावर पाणी पडलं तरी अक्षर फुटत नाही, तुमच्या कोकणच्या पावसात हा मोठा फायदा. रंगीत पानं महिन्याला १०-१५ असतील तर देवरुखला गेलात की एकदम काढून आणा.

देवरुखच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. कुडाळच्या दादा, तुमचा टिश्यूचा उपाय रात्रीच केला. रंगीत कार्ट्रिज पूर्ण सुरू झाली! काळी तीन खेपांनंतर निम्मी आली. तेवढ्यावर या आठवड्याच्या पत्रिका निघाल्या.

लेझरचं म्हणणं पटतंय, पण चित्रकार्डांतला रंग मला सोडायचा नाही. आंबा पिवळा दिसला की ‘आं’ पटकन ओळखणारी दोन मुलं माझ्या वर्गात आहेत. मग सुट्टीत काय करू? मी महिनाभर नसते. घरी सासरे असतात, वय ७४, त्यांना मोबाइलवरून प्रिंट देणं जमणार नाही.

आणखी एक अडचण. माझ्या जुन्या फायली श्रीलिपीत टाइप केलेल्या आहेत. मोबाइलवरून छापल्या की मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येतात. हा प्रिंटरचा दोष का?

कुडाळ_झेरॉक्स

प्रिंटरचा काही दोष नाही. श्रीलिपी, कृतिदेव या जुन्या पद्धतीत फाइलच्या आत इंग्रजीचेच संकेत असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. मोबाइलमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून खालचं उघडं पडतं. ज्या लॅपटॉपवर फॉन्ट आहे तिथेच फाइल पीडीएफ करून ठेवा आणि पीडीएफ मोबाइलवर घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो. नवीन पत्रिका मात्र युनिकोडमध्येच टाइप करा.

अमरावतीच्या साहेबांचं लेझरबद्दलचं सगळं बरोबर आहे, त्यांच्या कामाला तेच हवं. फक्त बाई, लेझर घेतलात तर तो छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका. पूड कागदावर चिकटवायला आतला रोलर २०० अंशांच्या आसपास तापतो आणि तापताना एकदम शेकडो वॅट ओढतो. लाइट गेल्यावर तो तुमच्या उपयोगाचा नाही.

सासऱ्यांसाठी सोपी युक्ती. जुन्या कॅलेंडरचं लाल, निळा, पिवळा आणि काळा हे सगळे रंग असलेलं एक पान मशीनच्या काचेवर पालथं ठेवून जा. दर सोमवारी त्यांनी मशीन सुरू करायचं, रंगीत कॉपीचं बटण दाबायचं, पान आलं की मशीनच्याच बटणाने बंद करायचं. मोबाइल नको, वायफाय नको. चारही रंग भोकांतून वाहिले की झालं. बटणांवर लाल टिकली लावून द्या.

तरीही रेघा आल्या तर हेड क्लीनिंग (मशीनमधली हेड साफ करायची सोय) एकदा, फार तर दोनदा. मग एक रात्र थांबा. लोक घाबरून लागोपाठ दहा वेळा करतात. दर वेळी चांगली शाई मशीनच्या तळातल्या स्पंजमध्ये ओतली जाते. तो भरला की मशीन दिवे लुकलुकवून काम थांबवतं. काही मॉडेलांत तो स्पंजचा डबा घरी बदलता येतो, काहींत मेकॅनिक लागतो. हेही दुकानात विचारून घ्या.

स्कॅनचं सांगायचं राहिलं. दाखल्यांना २०० डीपीआय (इंचाला २०० ठिपके) भरपूर. लोक ६०० वर स्कॅन करतात, फाइल मोठी होते आणि पोर्टल घेत नाही. आणि टाकीवालं मशीन शाई भरल्यावर कधीही आडवं-तिरकं करू नका. गेल्या वर्षी एकांनी मोटरसायकलवर मांडीत घेऊन आणलं, शाई आतल्या पट्टीवर सांडली. त्यांचं नुकसान बघून मलाच वाईट वाटलं.

देवरुखच्या_बाई

वर्षभराने लिहिते आहे, कारण पुढच्या कुणा शिक्षकाला उपयोग होईल. मी हेड बदलता येणारा टाकीवाला घेतला, १३ हजार ८०० ला. रत्नागिरीहून माणूस येतो याची खात्री करूनच. आयपी पत्ता राखून ठेवला, त्यामुळे ‘ऑफलाइन’ असं एकदाही आलं नाही. वर्षात काळ्या शाईची दुसरी बाटली नुकती फोडली. रंगीत तिन्ही पहिल्याच आहेत.

मे महिन्यात कोल्हापूरला गेले तेव्हा काचेवर कॅलेंडरचं पान ठेवून गेले होते. परत आले तर सासऱ्यांनी पाच सोमवारांची पाच पानं तारखा घालून फडताळात रचून ठेवलेली. तिसऱ्या पानावर त्यांनी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘निळा थोडा तुटक’. चौथ्यावर निळा पूर्ण आहे. मी १४ जूनला नोझल चेक (भोकं उघडी आहेत का हे दाखवणारं चाचणीचं पान) काढला, चारही रंगांत एकही रेघ तुटलेली नव्हती.

फक्त रिम उघडा राहिला होता. कोकणातली हवा, कागद सर्द झाला आणि पहिल्याच दिवशी तीन-तीन पानं एकदम आत जाऊन जाम झालं. आता कागद तांदळाच्या रिकाम्या डब्यात झाकण लावून ठेवते, लागतील तेवढीच पानं बाहेर काढते.