मुलीच्या हातांवर कोड आहे. तिच्याशी आणि नातेवाइकांशी कसे बोलावे?

प्रश्न (एक आई, यवतमाळ जिल्हा)

माझी मुलगी अकरावीत आहे. तिच्या बोटांवर आणि ओठांच्या कडेला पांढरे डाग आले असून ते कोडच असल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले आहे. मलम सुरू आहे. मला मात्र डागांपेक्षा तिच्या वागण्याची काळजी अधिक वाटते. भर मे महिन्यात ती बोटांपर्यंत बाह्या ओढून बसते, दुकानात सुटे पैसे हातात न घेता काउंटरवर ठेवायला सांगते आणि पाहुणे आले की चहाचा ट्रे माझ्याकडे देऊन आत निघून जाते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका नातलग बाईंनी तिच्या हातचे वाण घेतले नाही, तेव्हापासून ती कोणाकडेच येत नाही. तिला काय सांगावे आणि त्या बाईंना काय, हे अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

उत्तर (परिचारिका, वर्धा)

ताई, त्या बाईंना स्पष्ट सांगा, की कोड स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा कपड्यांतून कोणालाही लागत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट करते, म्हणून डाग पडतात. आपल्याकडे या भीतीच्या मुळाशी बहुधा कुष्ठरोग असतो. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली त्या काळी कुष्ठरुग्णांना गावाबाहेर काढले जात असे, आणि कोणताही पांढरा डाग दिसला की तीच धास्ती आजही जागी होते. कुष्ठाच्या डागावर सहसा स्पर्श कळेनासा होतो, कोडाच्या डागावर तो नेहमीसारखा कळतो. शिवाय कुष्ठरोगही औषधांनी पूर्ण बरा होतो, त्यामुळे वाण नाकारणे त्या रुग्णाच्या बाबतीतही अन्यायाचेच ठरले असते.

मुलीची थायरॉईडची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा, कारण कोडासोबत तो त्रास अनेकांना असतो. चिकटवायच्या टिकलीच्या गोंदानेही काहींच्या कपाळाचा रंग जातो. तिने ती टाळलेली बरी.

उत्तर (शिक्षक, वाशीम जिल्हा)

मला लहानपणापासून कोड आहे. बाह्यांवरून तिला टोकू नका. रंग गेलेली त्वचा आपल्या उन्हात लवकर भाजते, त्यामुळे उन्हात झाकून घेणे योग्यच आहे. घरातल्या घरातही ती हात लपवत असेल, तर मात्र लक्ष द्यायला हवे. रोज सकाळी डाग वाढला का हे पाहण्यासाठी तिचा हात धरू नका, आणि तिच्या लग्नाचे कसे होईल ही चर्चा तिच्या कानांवर पडू देऊ नका. माझ्या आईने पाहुण्यांसमोर सहजपणे ‘हे कोड आहे, कोणाला लागत नाही’ एवढे म्हणून विषय बदलायला सुरुवात केली आणि पुढे मीही तेच वाक्य वर्गात वापरू लागलो.

डाग नक्की जातील असे वचन तिला देऊ नका. चेहऱ्यावर उपचारांचा गुण बऱ्यापैकी येतो. बोटांची टोके आणि ओठ यांवर रंग परतणे कठीण असते. प्रकाशोपचारासाठी आठवड्यातून दोन-तीनदा, तेही कित्येक महिने, शहरात जावे लागते. एसटीचा खर्च आणि बुडणारे तास यांचा विचार तिला सोबत घेऊनच करा. झोप उडाली, जेवण सुटले किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे ती बोलली, तर लगेच टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तेथे मराठीत बोलता येते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. त्या बाईंशी मी स्वतः बोलणार आहे, पण मुलीला आधी विचारून.